घरच्या मेजावरील ‘कोलाच’ : सर्बियन ख्रिस्ती कुटुंबाची सणाची भाकर

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा विचार आपल्याकडे झालाच तर तो बहुधा त्यांच्या पवित्र चित्रांच्या, दीर्घ उपासनाविधींच्या किंवा पवित्र आत्म्याच्या निर्गमनाविषयीच्या जुन्या वादाच्या अनुषंगाने होतो. या मंडळ्यांतील एखाद्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे असे कोणास वाटत नाही. परंतु सर्बियन लोकांच्या बाबतीत पाहिले तर त्यांचा धर्म जितका मंदिरात आहे तितकाच कणकेच्या परातीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पाचशे वर्षांच्या आसपास चाललेली उस्मानी सत्ता आणि 1945 नंतरची साम्यवादी राजवट या दोन्ही काळांत ज्या गोष्टींनी या लोकांची श्रद्धा तगवून धरली, त्यांमध्ये घरी भाजलेल्या एका गोल भाकरीचा वाटा मोठा आहे. त्या भाकरीची कृती, तिचा विधी आणि तिच्याविषयी उद्भवणारे काही प्रश्न यांचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘कोलो’ म्हणजे चाक किंवा वर्तुळ. त्यावरून ‘कोलाच’, म्हणजे वर्तुळाकार भाकर. आजच्या बोलीत हाच शब्द कोणत्याही गोड केकला लावतात, पण ‘स्लाव्स्की कोलाच’ म्हटले की सर्बियन मनुष्याच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू उभी राहते : ‘स्लावा’च्या दिवशी मेजावर मध्यभागी ठेवलेली, कणकेच्याच नक्षीने सजविलेली उंच भाकर. ‘स्लावा’ याचा शब्दार्थ गौरव किंवा स्तुती. प्रत्येक सर्बियन ऑर्थोडॉक्स कुटुंबाचा एक संरक्षक संत असतो, आणि त्या संताचा स्मृतिदिन हा त्या कुटुंबाचा सण. तो पित्याकडून पुत्राकडे वारशाने जातो. विवाहित कन्या सामान्यतः पतीच्या घरचा संत स्वीकारते. पुत्राने वेगळे घर मांडले की त्या घरात नवी मेणबत्ती पेटते, पण संत तोच राहतो. व्यक्तीचा नव्हे तर घराचा असा हा सण इतर ऑर्थोडॉक्स राष्ट्रांत या स्वरूपात सर्वत्र आढळत नाही, म्हणूनच सर्ब लोक त्यास आपली ओळख मानतात. 2014 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्लावाचा समावेश केला.

सर्बियन मंडळी अद्याप जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे चालते. ते आपल्या नित्याच्या पंचांगाच्या 13 दिवस मागे आहे, आणि हे अंतर 2100 साली एका दिवसाने वाढेल. त्यामुळे त्यांचा नाताळ 7 जानेवारीस येतो, संत निकोलस 19 डिसेंबरला, बाप्तिस्मा करणारा संत योहान 20 जानेवारीला, संत जॉर्ज 6 मे रोजी, संत देमेत्रियस 8 नोव्हेंबरला आणि आद्यदूत मीखाएल 21 नोव्हेंबरला. यांपैकी संत निकोलसाची स्लावा पाळणारी घराणी फार मोठ्या संख्येने आहेत, इतकी की त्या दिवशी निम्मे लोक यजमान आणि उरलेले निम्मे पाहुणे असे विनोदाने म्हटले जाते. घराप्रमाणे गावालाही स्लावा असते. राजधानी बेलग्रेडची स्लावा प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी असते, आणि शाळा 27 जानेवारीस संत सावा यांचा दिवस पाळतात.

संत सावा हे सर्बियन मंडळीचे पहिले आर्चबिशप. 1219 मध्ये निकीया येथे त्यांस ही दीक्षा मिळाली आणि सर्बियन मंडळी स्वायत्त झाली. सर्ब लोक ख्रिस्ती होण्यापूर्वी प्रत्येक घराण्याची स्वतःची गृहदेवता असे, तिच्या पूजेची जागा संत सावा यांनी ख्रिस्ती संताच्या स्मरणाला दिली, असे परंपरा सांगते. दुसरे एक मत असे की, ज्या संताच्या दिवशी घराण्याच्या मूळ पुरुषाचा बाप्तिस्मा झाला तोच त्या घराण्याचा संत झाला. पंडितांत याविषयी एकमत नाही. परंतु सर्ब मंडळी स्वतः दुसरा अर्थ अधिक जवळचा मानते. तिच्या दृष्टीने स्लावा हा कुटुंबाचा आध्यात्मिक वाढदिवस होय. येथे आपल्यासारख्या वाचकांच्या मनात एक शंका आल्यावाचून राहणार नाही. कुलदैवत, कुळाचार, पितरांचे स्मरण या शब्दांचा आपल्या भूमीत जो अर्थ आहे, तो पाहता हे जुनेच कुलदैवत नवे वस्त्र नेसून आले नाही ना? ही शंका क्षुल्लक नाही. तिचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा भाकरीतच शोधावे असे प्रस्तुत लेखकास वाटते, कारण ती भाकर कोणाच्या नावाने भाजली जाते आणि कोणाच्या नावाने मोडली जाते यावरच सारे अवलंबून आहे.

तर आता भाकरीकडे वळू.

स्लावाच्या काही दिवस आधी धर्मगुरू घरी येऊन पाण्यावर आशीर्वादाची प्रार्थना करतो. या पाण्याला ‘वोदित्सा’ म्हणतात. त्यातले थोडे कुटुंबातील सर्वजण पितात आणि थोडे गृहिणी कोलाचच्या कणकेसाठी राखून ठेवते. पाणी शिंपडण्यासाठी ‘बोसिल्याक’ची जुडी वापरतात. ही वनस्पती म्हणजे आपल्याकडील सब्जा, तुळशीची सख्खी बहीण. राणी हेलेना हिला प्रभूचा वधस्तंभ जेथे सापडला तेथे हे सुगंधी रोप उगवले होते अशी पूर्वेकडील मंडळ्यांत आख्यायिका आहे. कोलाचच्या मध्यभागीही पुष्कळदा याचीच काडी खोवलेली असते.

एका मोठ्या कोलाचसाठी 1 किलो बारीक चाळलेला मैदा लागतो. त्यास ताजे यीस्ट 40 ग्रॅम (कोरडे असल्यास 12 ते 14 ग्रॅम), अर्धा लिटर कोमट दूध, 2 अंडी, 100 ग्रॅम लोणी, दोन चमचे साखर आणि सुमारे 15 ग्रॅम मीठ. हे प्रमाण घरोघरी थोडे बदलते, आणि प्रत्येक सासू आपलेच प्रमाण खरे मानते, हे सांगावयास नकोच. यीस्ट थोड्या कोमट दुधात साखर व चिमूटभर मैद्यासह कालवून दहा मिनिटे ठेवावे. त्यावर फेस आला म्हणजे ते जिवंत आहे असे समजावे, न आला तर पुढे जाण्यात अर्थ नाही, नवे आणावे. दूध बोटाला सुखद वाटेल इतकेच ऊन हवे. कढत दुधाने यीस्टमधील सूक्ष्म जीव मरतात आणि भाकर दगडासारखी बसते.

नंतर मैद्यात मीठ मिसळून मध्ये आळे करावे, त्यात फुगलेले यीस्ट, अंडी, उरलेले दूध आणि आशीर्वादित पाणी घालून कणीक भिजवावी. लोणी शेवटी घालावे. याला कारण आहे. गव्हातील चिवट प्रथिने पाणी व मळण्याचा जोर यांनी एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात, आणि यीस्टने निर्माण केलेला वायू त्या जाळ्यात अडकून भाकर फुगते. लोणी आधी घातले तर ते प्रथिनांना वेढून बसते आणि जाळे नीट विणले जात नाही. म्हणून प्रथम कणीक एकजीव होऊ द्यावी, मग मऊ लोणी थोडे थोडे चोळत दहा ते पंधरा मिनिटे मळावे, जोपर्यंत ती हाताला व परातीला चिकटणे सोडून तुकतुकीत होत नाही. पुरणपोळीची कणीक तिंबणाऱ्या हातांस हे श्रम नवे वाटणार नाहीत. सर्बियन घरात या वेळी गृहिणी प्रथम क्रुसाची खूण करते, आणि पुष्कळ घरांत मळताना मोठ्याने बोलणे वर्ज्य असते. हा मंडळीचा नियम नव्हे, घरांचा रिवाज आहे.

मळलेला उंडा ओलसर फडक्याखाली उबेत ठेवावा. दुप्पट फुगेपर्यंत थांबावे : डिसेंबर-जानेवारीच्या बाल्कन थंडीत तास-दीड तास, आपल्याकडील उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ कमी. घड्याळाकडे न पाहता कणकेकडे पाहावे. दूध, अंडी व लोणी यांनी जड झालेली कणीक साध्या पावाच्या कणकेहून सावकाश फुगते, तिला घाई करू नये. फुगली की हलके दाबून वायू काढावा, उंडा पुन्हा गोल करावा आणि 26 ते 28 सेंटीमीटर व्यासाच्या, उंच काठाच्या, लोणी लावलेल्या गोल भांड्यात ठेवून पुन्हा अर्धा तास फुगू द्यावा.

या अर्ध्या तासात नक्षीचे काम करावयाचे. नक्षीची कणीक वेगळी असते : 200 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि घट्ट मळता येईल इतकेच पाणी. त्यात यीस्ट नाही. यीस्ट असते तर भट्टीत नक्षीही फुगली असती, कबुतराचा कोंबडा झाला असता आणि अक्षरे वाचता आली नसती. खमीर नसलेली ही कणीक आपला आकार व फिका रंग राखते, त्यामुळे तांबूस भाकरीवर ती उठून दिसते. भाकरीच्या कडेने तिपेडी वेणी घालतात. वर आडव्या-उभ्या दोन पट्ट्यांचा क्रूस करून त्याने पृष्ठभागाचे चार भाग पाडतात. त्या भागांत द्राक्षांचा घड, गव्हाची कणसे, उघडे पुस्तक म्हणजे शुभवर्तमान, कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, अशी चिन्हे बसवितात. काही घरांत द्राक्षमळ्याच्या समृद्धीसाठी द्राक्षारसाचे छोटे पिंपही असते. गुलाब करावयाचे तर कणकेच्या पातळ चकत्या एकीवर एक ठेवून गुंडाळाव्यात आणि मधोमध कापाव्यात, एका गुंडाळीची दोन फुले होतात. नक्षी भाकरीला अंड्याच्या पांढऱ्या बलकाने चिकटवतात. उघड्या राहिलेल्या भागावर पिवळा बलक फिरवावा, नक्षीवर मात्र तो लागू देऊ नये.

मध्यभागी शिक्का. हा लाकडात कोरलेला असतो, घट्ट कणकेच्या चकतीवर तो दाबून उठवितात आणि ती चकती क्रुसाच्या मध्यावर बसवितात. त्यावर क्रुसाच्या चार कोपऱ्यांत अक्षरांच्या चार जोड्या असतात : वरच्या दोन कोपऱ्यांत ‘येशू’ आणि ‘ख्रिस्त’ या नामांची आद्य व अंत्य अक्षरे, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन तुकड्यांत मोडलेला ग्रीक शब्द ‘निका’, म्हणजे ‘विजयी होतो’. येशू ख्रिस्त विजयी होतो, एवढाच त्याचा अर्थ. मघाच्या शंकेचे अर्धे उत्तर येथे मिळते. संत निकोलसाच्या दिवसाची भाकर असो की संत जॉर्जच्या, तिच्या मध्यावर कोणत्याही संताचे नाव नसते. शिक्का एकच, आणि तो तोच आहे जो मंदिरात पवित्र सहभागितेसाठी आणलेल्या भाकरीवरही उठविलेला असतो.

भाकर भाजण्यापूर्वी बारीक काडीने चार-पाच ठिकाणी टोचावी, म्हणजे वाफेस वाट मिळून नक्षीखाली कवच फाटत नाही. प्रथम 200 अंश सेल्सियसवर दहा मिनिटे, मग 180 अंशांवर आणखी चाळीस ते पन्नास मिनिटे. वरचा भाग लवकर तांबूस झाला तर त्यावर कागद झाकावा. तळाशी टिचकी मारली असता पोकळ आवाज आला म्हणजे आतपर्यंत भाजली असे समजावे. पूर्ण निवेपर्यंत तिला हात लावू नये.

येथवर सांगितले ते उपवास नसलेल्या स्लावाविषयी. परंतु नाताळापूर्वीचा 40 दिवसांचा उपवासकाळ, 28 नोव्हेंबर ते 6 जानेवारी, यात येणाऱ्या संत निकोलसाच्या दिवशी दूध, अंडी व लोणी तिन्ही वर्ज्य. स्लावा बुधवारी किंवा शुक्रवारी आली तरी सामान्यतः असेच. मग दुधाऐवजी पाणी, लोण्याऐवजी 100 मिलिलिटर सूर्यफुलाचे तेल, नक्षी पाण्याने चिकटवावयाची, आणि चकाकीसाठी भाजून काढताच साखरेचे पाणी फिरवावयाचे. ही भाकर कमी मऊ असते व लवकर वाळते. पण ज्या घरी वर्षातला सर्वांत मोठा सण उपवासात येतो, तेथे मासे, घेवड्याची उसळ, अक्रोड आणि ही साधी भाकर यांवर शंभर पाहुणे तृप्त होऊन जातात. आपल्या मेजवान्यांविषयी यावरून विचार करण्याजोगे आहे, तरी तो विषय येथे नको.

कोलाचसोबत मेजावर आणखी तीन वस्तू हव्यात : मेणबत्ती, तांबडा द्राक्षारस आणि ‘कोलिवो’ किंवा ‘झितो’, म्हणजे उकडून वाटलेला गहू, त्यात अक्रोडाची पूड व साखर. पाहुणा आत आला की प्रथम क्रुसाची खूण करून एक चमचा झितो घेतो, मग बसतो. गव्हाचा दाणा भूमीत पडून मेल्यावाचून फळ देत नाही, हा योहानाच्या 12व्या अध्यायातील प्रभूचा दृष्टांत आणि पुनरुत्थानाविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेला 15वा अध्याय, या दोहोंचा आधार या गव्हास दिला जातो. घरातील मृतांचे स्मरण त्यात असते, पण ते पुनरुत्थानाच्या आशेने. आद्यदूत मीखाएल यांच्या स्लावाला काही घरी झितो करीत नाहीत, कारण दूत मरण पावलेला नाही, असा लोकांचा समज. धर्मगुरू मात्र हे मान्य करीत नाहीत. गहू हा देवाच्या गौरवार्थ आहे, संताच्या मृत्यूसाठी नव्हे, असे ते सांगतात.

विधी थोडक्यात असा. मेणबत्ती पेटविली जाते, धूप दाखविला जातो, गव्हावर प्रार्थना होऊन त्यावर द्राक्षारस शिंपडला जातो. मग धर्मगुरू कोलाच उचलून उलटा करतो आणि तळाकडून त्यास क्रुसाच्या आकाराची चीर देतो. त्या चिरांत क्रुसाच्याच आकारात तांबडा द्राक्षारस ओततो. त्यानंतर धर्मगुरू, ‘दोमाचिन’ म्हणजे घराचा कर्ता पुरुष, आणि कुटुंबातील सर्व लहानथोर भाकरीला हात लावून ती गोल फिरवितात व स्तोत्रे गातात. ही तीच तीन स्तोत्रे आहेत जी ऑर्थोडॉक्स विवाहात वधूवरांना मेजाभोवती नेताना गातात, आणि जी धर्मसेवकाच्या दीक्षेच्या वेळीही गातात. विवाह, दीक्षा आणि घरची भाकर या तिघांना एका स्तोत्राने बांधणे यात फार खोल अर्थ आहे. घर हे लहान मंडळी आहे हा ख्रिसोस्तोमचा विचार आपण प्रवचनांत ऐकतो, येथे तो कणकेत मळलेला दिसतो. शेवटी भाकर मोडतात, आणि मोडताना धर्मगुरू म्हणतो की ख्रिस्त आपल्यामध्ये आहे, त्यावर यजमान उत्तर देतो की आहे आणि राहील.

ही भाकर पवित्र सहभागितेची भाकर नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. शिक्का तोच, द्राक्षारस तोच, क्रूस तोच, त्यामुळे बाहेरच्या मनुष्याचा गोंधळ होतो. परंतु सहभागितेचा विधी वेदीपाशीच होतो. कोलाच ही आशीर्वादित भाकर आहे, प्रीतिभोजनाच्या जातीची. वेदीवरील कृपेचा सुगंध घरापर्यंत पोहोचावा, आणि घरचा घास वेदीकडे तोंड करून असावा, असे तिचे स्थान आहे.

दोन्ही भाकरींत एक गोष्ट मात्र समान आहे : दोन्ही खमीर घातलेल्या. पूर्व व पश्चिम मंडळ्यांतील फुटीच्या वेळी हाच वादाचा एक विषय होता. 1053 मध्ये ओख्रिदचे आर्चबिशप लिओ यांनी लॅटिन मंडळीच्या बेखमीर भाकरीवर टीका करणारे पत्र दक्षिण इटलीतील त्रानी येथील बिशपांस लिहिले, आणि 1054 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे परस्परांना बहिष्कृत करण्यापर्यंत मजल गेली. तो बहिष्कार 1965 मध्ये पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरास यांनी मागे घेतला. पाश्चात्त्य मंडळी वल्हांडणाच्या बेखमीर भाकरीचा आधार घेते. पूर्वेकडील मंडळी म्हणते की शुभवर्तमानांत योजलेला ‘आर्तोस’ हा शब्द नित्याच्या फुगलेल्या भाकरीचा आहे, आणि खमीर हे भाकरीतील जीवनाचे चिन्ह आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘आर्तोस’साठी ‘भाकर’ हा शब्द आला. तो ज्वारी-बाजरीच्या, खमीर नसलेल्या भाकरीचा. आपल्या कष्टकऱ्यांच्या रोजच्या अन्नाचा शब्द निवडण्यात अनुवादकांनी मोठे औचित्य दाखविले, तरी खमिराविषयीच्या दृष्टांतांपुढे मराठी वाचक थोडा अडखळतो हेही खरे. गोव्यातील वाचक त्या मानाने सुदैवी. सुरेने पीठ फुगविण्याची पोदेरांची जुनी रीत त्यांच्या आजी-आजोबांनी पाहिलेली आहे.

नाताळची भाकर वेगळी. तिचे नाव ‘चेस्नित्सा’. ‘चेस्त’ म्हणजे भाग, वाटा. ती नाताळच्या पहाटे मळतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे त्यासाठी त्या दिवशी विहिरीतून सर्वांआधी काढलेले पाणी आणतात. उपवास त्या सकाळी सुटतो, त्यामुळे लोणी किंवा चरबी सढळ हाताने घालता येते. हिच्यावर नक्षी थोडी, कधी नुसती क्रुसाची खूण. उत्तरेकडील वोय्वोदिना प्रांतात तर चेस्नित्सा म्हणजे पातळ पाऱ्यांचे थर, त्यांत अक्रोड, मनुका व मध, असा जवळजवळ मिठाईचाच प्रकार असतो. कणकेत एक नाणे दडवितात (ते आधी चांगले उकळून घ्यावे). चेस्नित्सा सुरीने कापीत नाहीत. सर्वजण तिला हात लावून फिरवितात आणि मग हातांनी मोडतात. ज्याच्या वाट्याला नाणे येईल त्याचे वर्ष भाग्याचे.

नाण्याचा हा भाग ख्रिस्ती शिकवणीत कोठे बसवावा? मुलांचा खेळ म्हणून सोडून द्यावे हे सोपे. पण जुन्या खेड्यांत नाण्यासोबत घेवड्याचा दाणा, मक्याचा दाणा, लाकडाची ढलपी अशा वस्तूही भाकरीत दडवीत आणि त्यांवरून गुरे, शेत, घर यांचे वर्षफल काढीत. हे शकुन पाहणेच होय, आणि त्याची भलावण करण्याचे कारण नाही. तथापि त्याच भाकरीचे वाटे पाडताना एक वाटा घराचा, एक नाताळच्या सकाळी प्रथम उंबरठा ओलांडणाऱ्या ‘पोलोझाइनिक’ या पाहुण्याचा, आणि एक वाट चुकून येणाऱ्या अनोळखी प्रवाशाचा काढून ठेवतात. शकुन आणि प्रीती एकाच भाकरीत भाजली जातात. कोणते ठेवावे आणि कोणते गाळावे हे प्रत्येक पिढीतल्या गृहिणीने आपल्या परीने ठरविले आहे. आज बहुतेक शहरी घरांत दाणे व ढलप्या गेल्या, नाणे उरले, आणि प्रवाशाचा वाटाही पुष्कळ ठिकाणी उरला.

घरच्या भाकरीची खरी परीक्षा 1945 नंतर झाली. युगोस्लावियात नाताळची सार्वजनिक सुटी गेली, धर्म ही खाजगी बाब ठरली, आणि सरकारी नोकरांना व पक्षाच्या सभासदांना मंदिरात दिसणे अडचणीचे झाले. धर्मगुरूला घरी बोलाविणे शेजाऱ्यांच्या नजरेत येई, पण भट्टीत भाकर भाजण्याला कोण हरकत घेणार? मंडळीची शिकवण अशी की धर्मगुरू येऊ शकत नसेल, तर घराच्या कर्त्याने स्वतः मेणबत्ती पेटवावी, प्रभूची प्रार्थना आणि संताचे स्तोत्र म्हणावे व कोलाच मोडावा. त्यामुळे जेथे मंदिराचे दार बंद झाले तेथेही हा विधी उरला. पुष्कळ घरांत तर कर्त्या पुरुषाने पक्षनिष्ठेपायी मेणबत्ती पेटविण्याचे सोडले, तेव्हा आजीने ती पेटविली. परदेशी स्थायिक झालेल्यांच्या आणि 1990च्या दशकातील युद्धांत घरे सोडून पळालेल्यांच्या बाबतीतही तेच. घर मागे राहिले, संत बरोबर आला. आज सर्बियात ऑर्थोडॉक्स नाताळची सुटी पुन्हा आहे आणि बाजारात तयार कोलाच विकत मिळतात. त्यामुळे नवी पिढी मळणे विसरते की काय अशी चिंता तेथील वडीलधारी माणसे बोलून दाखवितात. विकत घेतलेला कोलाच आशीर्वादास अपात्र ठरत नाही. परंतु ज्या पाण्यावर घरात प्रार्थना झाली ते पाणी त्यात नसते, हा फरक उरतोच.

आपल्या देशातही याच्या जवळ जाणारी एक रीत आहे. केरळातील संत थोमाच्या ख्रिस्ती कुटुंबांत आज्ञागुरुवारी रात्री ‘पेसहा अप्पम’ करतात : तांदूळ व उडदाची बेखमीर भाकर, वर झावळीच्या पातीचा क्रूस. घराचा कर्ता प्रार्थना करून ती मोडतो व वयाच्या क्रमाने सर्वांस देतो. एकीकडे खमीर, दुसरीकडे बेखमीर. एकीकडे संताचा दिवस, दुसरीकडे वल्हांडण. परंतु वेदीपासून दूर, चुलीच्या उजेडात, कुटुंबप्रमुखाने भाकर मोडावी ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. ज्या मराठी ख्रिस्ती घरांत संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आता क्वचितच होते, त्यांना या दोन्ही रीती काही विचारतील.

संतांविषयीचा मतभेद यामुळे मिटत नाही, आणि तो मिटला असे भासविणे प्रामाणिकपणाचे नव्हे. संताकडे मध्यस्थीची विनंती करणे आपल्यापैकी पुष्कळांना मान्य होणार नाही. परंतु कुलदैवताच्या शंकेबाबत एवढे तरी दिसून येते की, कुलदैवताला नैवेद्य दाखवितात, तर कोलाच संताला वाढला जात नाही. तो ख्रिस्ताच्या नावाने शिक्कामोर्तब होतो, ख्रिस्त मध्ये आहे असे म्हणून मोडला जातो, आणि माणसांना वाटला जातो. स्लावाला कोणास आमंत्रण देत नाहीत, हाही रिवाज याच अंगाने पाहावा. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि दार दिवसभर उघडे असते.

सायंकाळी पाहुणे गेल्यावर उरलेली भाकर फडक्यात गुंडाळून ठेवतात. पुढील दोन-तीन दिवस घरातील माणसे ती खातात, तिचा तुकडा टाकून देत नाहीत. मेणबत्तीला मात्र कोणी फुंकर मारीत नाही. घराचा कर्ता उभा राहतो, क्रुसाची खूण करतो आणि पेल्यातल्या तांबड्या द्राक्षारसाचे थेंब वातीवर टाकून ती विझवितो.